नाकवाल्यांच्या घरी विजेची शेगडी

आमच्या घरी विजेची शेगडी आली तेव्हा ती बघायला अर्धी इमारत लोटली. इतकी माणसं आमच्या लग्नालाही नव्हती. कारण साधं आहे. आमचे हे गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. एकोणचाळीस वर्षं हेच काम. आमच्या वस्तीत अशी शेगडी नसेल, जिचा बर्नर यांनी एकदा तरी उघडून टाचणीने साफ केलेला नाही. आणि त्यांच्याच ओट्यावर आता ही काळी काच. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई काचेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. हे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते आणि पान काही उलटलं जात नव्हतं.

"गुडघे दुखतात हो माझे, सिलिंडर सरकवायला जमत नाही," मी सगळ्यांना सांगितलं. "शिवाय पुसायलाही सोपी." खोटं बोलायचं तर सरळ चेहऱ्याने बोलावं, नाहीतर बोलूच नये, असं माझं मत आहे. माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. मी सकाळभर लाँड्रीत उभ्याने इस्त्री करते आणि दुपारी गठ्ठे घेऊन घरोघरी कपडे पोचवते. दहा-बारा इमारतींचे जिने रोज चढते-उतरते.

खरं कारण थंडीत सुरू झालं. यांना आठवडाभर ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. भाजी पुढ्यात ठेवली की म्हणायचे, "आज मसाला घालायचा विसरलीस का?" मी चिडायचे. मला चिडायला फार वेळ लागत नाही. एकदा मी म्हटलं, "एवढंच असेल तर चमचाभर तिखट खाऊन बघा." त्यांनी खरंच चमचाभर तिखट तोंडात टाकलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तसेच बसून राहिले आणि म्हणाले, "झोंबतंय. बाकी काही कळत नाही." मला हसू आलं होतं. त्या हसण्याची आता लाज वाटते.

मग एका दुपारी मी घरी आले, दार उघडलं आणि गॅसचा भपकारा अंगावर आला. दूध उतू जाऊन जाळ विझला होता, बटण तसंच चालू. आणि हे स्वयंपाकघरातच होते. ओट्यापासून दोन हातांवर स्टूल टाकून कुणाच्या तरी शेगडीच्या बटणाला ग्रीस लावत बसले होते. चष्मा खाली घसरलेला, गुणगुणणं चालू. मला बघून म्हणाले, "आलीस? दूध तापत ठेवलंय, चहा टाक."

मी बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि दंडाला धरून यांना गॅलरीत ओढलं. माझे डोळे चुरचुरत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग ओट्यावरून ओघळणाऱ्या दुधाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "हो हो, मी बंद करायला उठतच होतो," ते म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात ते माझ्याशी इतकं कच्चं खोटं कधी बोलले नव्हते.

आता यांच्या नाकाबद्दल सांगायला हवं. वस्तीत यांना नावाने कुणी हाक मारत नाही. नाकवाले काका म्हणतात. हे दारात उभे राहायचे आणि शेगडीला हात लावण्याआधी सांगायचे की उजवीकडचा बर्नर गळतोय की नळी. बाकीचे कारागीर सांध्यांना साबणाचं पाणी लावतात. गॅस गळत असला तर बुडबुडा येतो, सोपं काम. हे नाक मुरडायचे. "साबण लावायचा असेल तर आमच्या हिच्या लाँड्रीत जा," असं दुसऱ्या कारागिरांना तोंडावर सांगायचे. यांची रीत ठरलेली. काम झालं की गॅस सुरू करायचा, सांध्याशी वाकायचं, तीनदा हुंगायचं, पान्याने सिलिंडरवर टक् करून मारायचं आणि म्हणायचं, "निर्धास्त राहा." तो शब्द ऐकला की बायका लगेच भांडं चढवायच्या.

त्या दुपारनंतर आम्ही दोघं त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. चार दिवसांनी मी सकाळी बाथरूमच्या दाराशी गेले तर दार अर्धवट उघडं. हे आत उभे राहून एकेक बाटली उघडून नाकाशी नेत होते. केसांचं तेल. फिनेल. बुटांचं पॉलिश. प्रत्येक झाकण नीट लावून ते बाटली जागच्या जागी ठेवत होते. फिनेलची बाटली त्यांनी दोनदा उघडली. मी पावलं न वाजवता मागे फिरले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच कांदे चिरत बसले.

त्याच संध्याकाळी जेवताना मी म्हणाले, "आपण विजेची शेगडी घेऊ."

मला वाटलं होतं, ताट सरकवतील. माझ्या घरात वीज शिजवणार नाही म्हणतील. निदान का म्हणून विचारतील. ते घास चावत राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. भांडी बघून घे, सगळी चालत नाहीत." कबुली म्हणायची तर तीच.

दुकानदाराने सांगितलं होतं, ज्या भांड्याला लोहचुंबक चिकटेल तेच या शेगडीवर तापेल. मी चुंबक घेऊन फळीवरची सगळी भांडी तपासली. निम्म्याहून अधिक नापास. आईने दिलेलं चहाचं पातेलं, ज्याचं बूड मी वर्षानुवर्षं घासत आले, तेही नापास. ती सगळी माळ्यावर गेली. यांनी स्वतःच्या हाताने नळी काढली, सिलिंडर परत पाठवला. नव्या शेगडीचं बटण दाबलं की ती चिमणीच्या पिल्लासारखी ओरडते. जाळ दिसत नाही. पहिले आठ दिवस मी प्रत्येक वेळी खाली वाकून जाळ बारीक झाला का बघत होते, आणि दूध मात्र वर चढत होतं.

हळूहळू हात बसला. रात्री अंग टाकलं की बरं वाटायचं, आता या घरात काही होणार नाही. आणि पाठोपाठ दुसरा विचार यायचा. सकाळी नऊ वाजता हे पिशवी खांद्याला लावून निघणार. कुणाच्या तरी ओट्याशी वाकणार. तीनदा हुंगणार. आणि निर्धास्त राहा म्हणणार.

मी माझं घर तेवढं सुरक्षित करून घेतलं होतं. ही गोष्ट माझ्या मनात जशी आहे तशीच सांगते, कारण ती गोड करून सांगण्यासारखी नाही. यांना थांबवायचं तर लोकांना सांगावं लागणार. लोकांना सांगितलं तर या माणसाकडे उरणार काय? रस्त्यावरून जाताना कुणी नाकवाले काका म्हणून हाक मारली की ते अजूनही ताठ होतात. ते ताठ होणं माझ्या हाताने मोडायला माझं मन धजेना.

एकदा प्रयत्न केला. लांबून सुरुवात केली. "अहो, हल्ली सगळेच साबणाचं पाणी लावतात म्हणे. तुम्हीही लावत जा की. कुठे बिघडलं?"

"एकोणचाळीस वर्षांनी?" ते म्हणाले. "पिशवीतून साबण काढला की पहिलीच बाई विचारेल, काका, नाकाला काय झालं?"

"मग सांगायचं, नियम बदललेत."

"तू तुझी इस्त्री बघ."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी विषय मिटवला. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं, जगाला दिसत नाही. आमच्या घरात तेव्हा दोन मांजरं होती.

पण मला झोप लागेना. शेवटी मी माझ्या परीने मार्ग काढला. एका छोट्या बाटलीत भांड्यांच्या साबणाचं पाणी भरलं, यांचा जुना दाढीचा ब्रश घेतला आणि दोन्ही कपड्यांच्या गठ्ठ्यात खुपसलं. हे ज्या घरी जाऊन आले, त्या घरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझी फेरी. कपडे द्यायचे, दमल्याचं नाटक करायचं, पाणी मागायचं. ते द्यायला घरची बाई स्वयंपाकघरात गेली की मागोमाग जायचं, तिला काहीतरी काम लावून बाहेर पाठवायचं आणि वाकून ब्रश फिरवायचा. एका घरी तर मी सांगितलं की तुमच्या गॅलरीतली चादर उडाली. ती बिचारी तीन मजले उतरून खाली शोधून आली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून म्हणतात. मी ते शब्दशः करत होते.

असे दोन महिने गेले. कुठेही बुडबुडा नाही. यांचे हात मुळातच चांगले. पेच किती आवळायचा ते बोटांना ठाऊक, त्याला नाक लागत नाही. मला धीर येत चालला होता. वाटायला लागलं, चालेल हे असंच. हे पुढे, मी मागे. कुणाला कळायची गरजच काय?

परवा दुपारी मी बेकरीवालीकडे गेले. ही मुलगी कोपऱ्यावरच्या बेकरीत काउंटरवर बसते. नवरा फिरतीवर असतो. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. आजोबांची खाट स्वयंपाकघरातच, खिडकीच्या बाजूला, कारण सुनेला काम करता करता त्यांच्याकडे बघता येतं. आदल्याच दिवशी हे तिथे जाऊन आले होते.

स्वयंपाकघराच्या दारात पाय टाकला आणि मला वास आला. फार नाही. पण होता. या वेळी कुणाला बाहेर पाठवण्याचं भान मला राहिलं नाही. मी गठ्ठा खाली टाकला, ब्रश काढला आणि शेगडीच्या मागे, जिथे नळी चढते तिथे साबण फासला. बुडबुडा आला. फुगला, फुटला. तिथेच दुसरा आला. शेगडीच्या तोटीला केसाएवढी चीर होती. हाताला कळण्यासारखी नव्हती ती.

मी सिलिंडर बंद केला. "खिडकी उघड. दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस," मी बेकरीवालीला म्हणाले.

"काकू, म्हणजे खरंच गळत होता?" ती म्हणाली. "बाबा तीन दिवस म्हणत होते, वास येतोय. मलाही आल्यासारखा वाटला. म्हणून तर काकांना बोलावलं. ते वाकले, नीट हुंगलं आणि म्हणाले, काही नाही. मग मला वाटलं, माझंच नाक बिघडलंय. आणि बाबांना मी रागावले. सारखं वास वास काय लावलंय, म्हटलं."

खाटेवरून आजोबा म्हणाले, "नाकवाला मला म्हणाला, वय झालं की असे भास होतात. मग मी गप्प बसलो."

हा माणूस उठून बाहेर जाऊ शकत नव्हता. त्याला फक्त सांगता येत होतं. ते त्याने सांगितलं, आणि यांच्या नाकाने त्याचं तोंड बंद केलं. "येते मी. काही पेटवू नकोस," एवढंच म्हणून मी निघाले आणि घर येईपर्यंत कुठे थांबले नाही.

हे ओट्याशी उभे राहून चहा करत होते. शेगडी चिवचिवली.

"बेकरीवालीकडे बुडबुडा आला," मी म्हणाले.

त्यांनी आधी विचारलं, "केवढा?" कारागीर माणूस.

"वाटाण्याएवढा. एकामागोमाग एक. तोटीला चीर आहे."

त्यांनी शेगडी बंद केली. मग हळूच म्हणाले, "त्या आजोबांना वास येत होता. मी त्यांना भास म्हणालो." थोड्या वेळाने त्यांना दुसरं सुचलं. "पण बुडबुडा? तू साबण घेऊन गेली होतीस?"

"हो."

"आजच?"

इथे खोटं बोलता आलं असतं. सरळ चेहराही जमला असता. "दोन महिने जातेय," मी म्हणाले. "तुमच्या प्रत्येक घरी."

ते ओट्याला धरून उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी ओरडून उत्तर दिलं असतं, मग दोघंही थकलो असतो. त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, उजेडात धरून पाणी कितपत आहे बघितलं, तिच्यात आणखी साबण टाकला. पिशवीत नवी तोटी ठेवली. "चल," म्हणाले.

बेकरीवालीकडे त्यांनी आधी काम केलं. जुनी तोटी काढली, नवी बसवली, सिलिंडर उघडला, आणि वाकले नाहीत. ब्रशने साबण लावला आणि आजोबांना दिसेल असं बाजूला सरकून वाट बघितली. काही आलं नाही. मग ते खाटेजवळ गेले.

"आजोबा, तुम्हाला भास झाला नव्हता. मला वास येत नाही. थंडीतल्या तापापासून येत नाही."

बेकरीवाली आधी हसली. काका थट्टा करतायत असं तिला वाटलं. मग तिचं हसणं थांबलं. "पण तुम्ही हुंगलंत ना? माझ्यासमोर हुंगलंत."

"हुंगलं," ते म्हणाले. "सवयीने. तुमच्याकडे मी चुकलो. मोठा चुकलो."

आजोबा त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. दिवसभर पडून असलेल्या माणसाच्या कानावर वस्तीतलं सगळं येतं. "म्हणून तुमच्याकडे विजेची शेगडी आली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, हिशेब जुळल्यासारखं ते बोलले. बेकरीवालीने चमकून माझ्याकडे पाहिलं. गुडघ्यांचं तिला मीच सांगितलं होतं. शेगडी बघायला तीही आली होती, आणि जाताना मला म्हणाली होती, बरं केलंत काकू, आता स्वतःलाही जपा. मी खाली बघितलं. आजोबांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

जिन्यात हे म्हणाले, "थंडीपासून मी त्रेसष्ट घरी गेलोय. सगळी आठवतात मला."

"मी निम्म्याहून जास्त बघितली आहेत."

"सगळी पुन्हा बघायची. आणि प्रत्येक ठिकाणी सांगायचं."

आम्ही निघालो. पहिल्या दारात त्यांनी घंटा वाजवली आणि दार उघडताच म्हणाले, "मला वास येत नाही हो. तुमची शेगडी पुन्हा तपासायची आहे." घरातल्या माणसाने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत घेतलं. मी बाटली धरून उभी राहिले. दुसऱ्या दारात बाईने आत घेतलंच नाही. दुसरा कारागीर बोलावते म्हणाली आणि दार लावलं. लावलेल्या दारासमोर हे थोडा वेळ उभे राहिले. तिसऱ्या दारात त्यांना तेच वाक्य नीट म्हणता आलं नाही, मध्येच अडकले, पण म्हणाले. एकोणचाळीस वर्षं जमवलेलं नाव हा माणूस दारोदार आपल्या हाताने परत करत होता. प्रत्येक दारात मी त्यांच्या मागे होते, आणि सगळे माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होते. बिचारी, या वयात नवऱ्यासाठी फिरतेय. मी ती कीव घेत होते. पहिल्या दारात घेतली, दुसऱ्या दारात घेतली, तिसऱ्या दारातही घेतली.

चौथं दार शिंपीणबाईंचं होतं. यांनी आपलं वाक्य सांगितलं. बाईंनी सुई ओढणीला टोचली, यांना आत जायला वाट दिली आणि माझा हात धरला. "अगं, त्यांचं ते करतील. तू कशाला जिने चढतेस या गुडघ्यांनी? घरी जाऊन पड जरा."

हे आत ओट्याशी पोचले होते. पान्याचा आवाज थांबला. ते ऐकत होते.

मी हात सोडवून घेतला. "माझे गुडघे चांगले आहेत," मी म्हणाले. "यांचं नाक गेलंय हे मला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून मी माझी शेगडी बदलली. आणि तुम्हाला सांगितलं नाही."